सहा नंबर

नाईकमामांनी कोणाला ‘काय झालं?’ असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. हिंगोली-नांदेड रस्त्यावर सुमो चालवणारा माणूस. रोज गाडीत चढणारी निम्मी माणसं दवाखान्याची, कोर्टाची, नाहीतर सोयरिकीची. विचारायला म्हटलं तर रोज एक कादंबरी होईल एवढा माल. पण हे गृहस्थ विचारत नसत. माणूस चढला की आरशातून एकदा, फक्त एकदाच, त्याच्याकडे बघायचे आणि मग गाण्याच्या मशीनचं बटण दाबायचे. कोणत्या नंबरचं बटण दाबलं यावरून पुढे पुढे मला ओळखू यायचं की आज गाडीत कोण बसलंय.

मी त्यांच्या गाडीचं नऊ वर्षांचं गिऱ्हाईक. राहायला हिंगोलीत आणि नोकरी वारंगा फाट्याच्या अलीकडच्या एका गावात, झेडपीच्या शाळेत गणित शिकवायला. सकाळची एसटी यायची तेव्हा पोरांची प्रार्थना होऊन हजेरीही झालेली असायची, म्हणून नाईकमामांची गाडी. नऊ जणांच्या गाडीत ते चौदा बसवायचे आणि पंधरावा आला तर म्हणायचे, “बसा ना, आतले लोक श्वास सोडतील तवा जागा होईल.” मला चिडचिड करायची जुनी सवय आहे, आणि पहिली दोन वर्षं मी त्या गाडीत फक्त चिडचिडच केली.

तांड्याचे नाईक ते कधीच नव्हते. ते मानाचं काम त्यांच्या चुलत्याकडे होतं. पण गाडीत कोणी कुठे बसायचं, खिडकी कोणाला, कोंबडी कोणाच्या पायाशी, हे सगळं ते एका शब्दात ठरवायचे आणि कोणी उलट बोलत नसे, म्हणून लोकांनी नाव पाडलं नाईक. मी वयाने लहान, म्हणून मामा जोडलं. त्यांच्या आज्याच्या काळी तांड्याचे बैल पाठीवर धान्य-मीठ लादून मैलोगणती चालायचे. त्याचा विषय निघाला की मामांचं एक वाक्य ठरलेलं. “आज्यानं बैलं हाकलली, मी माणसं हाकलून राहिलो. बैलं बरी. कोणतं गाणं लावा म्हणून भांडत न्हाईत.”

भांडणं खरोखर व्हायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरची ती वर्षं कॅसेटची होती. मामांच्या तेव्हाच्या जीपमध्ये एक डेक होता आणि त्याच्याखाली कॅसेटींचा बिस्किटाचा डबा. सकाळी देवाची गाणी लावली तर मागची तरुण मंडळी कुरकुरायची. सिनेमाची लावली तर पुढे बसलेले बाबा मान फिरवायचे. कळमनुरीला बाजाराहून परतणाऱ्या बाया एकदा तांड्यातली लेंगी, म्हणजे होळीची गाणी, लावा म्हणून हटून बसल्या आणि एका क्लार्कसाहेबांनी गाडी थांबवून खाली उतरायची धमकी दिली. मामांनी गाडी थांबवली. साहेब उतरले नाहीत. मध्येच डेक कॅसेट गिळायचा, मग ती फीत बाहेर ओढून पेन्सिलीने गुंडाळायचं काम माझ्याकडे यायचं. माझ्या पर्समधली लाल पेन्सिल त्या कामालाच झिजली.

सुमो घेतली तेव्हा हिंगोली जिल्हा होऊन दोन-चार वर्षं झाली होती आणि नांदेडच्या दुकानांमध्ये सीडीचे चेंजर दिसू लागले होते. एकदाच सहा सीड्या भरून ठेवायच्या आणि बटण दाबून हवी ती लावायची. मामांनी ठरवलं की गाडीला चेंजरच बसवायचा. मग पुढचे चार महिने त्या गाडीत दुसरा विषय नव्हता. सहाचा घ्यावा की दहाचा? पुढे बसवावा, सीटखाली की मागच्या डिकीत? डिकीत बसवला तर तिथे कोंबड्या आणि कापसाची गाठोडी असतात. पुढे बसवला तर धूळ. बाळापूरच्या पुढच्या खड्ड्यांत सीडी उडी मारते, मग गाण्यातला नायक एकच ओळ दहादा म्हणतो. एका कंडक्टरने बारा सीड्यांच्या मशीनची शिफारस केली. मामा म्हणाले, “बारा गाणी ऐकायला माणूस आधी तेवढा येळ गाडीत राह्यला पायजे.”

सगळे सल्ले ते ऐकून घ्यायचे, पण त्यांच्या मनात काही वेगळंच होतं. ते मला कळलं वारंगा फाट्यावर, टायर पंक्चर झालं त्या दिवशी. बाकीचे लोक दुसऱ्या गाडीने गेले होते आणि मी शाळा सुटल्यावर फाट्यावर येऊन हॉटेलच्या बाकावर चहा घेत बसले होते. मी सहज म्हटलं, मामा, इतका खल कशाला, सहाचा घ्या आणि मोकळे व्हा. तेव्हा ते बोलले. मी न विचारता बोलले, म्हणून तो सगळा प्रसंग अजून जसाच्या तसा आठवतो.

त्यांच्या आईला, त्यांच्या गोरमाटी बोलीत याडीला, नांदेडच्या दवाखान्यातून घरी न्या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा मामांची स्वतःची गाडी नव्हती. दुसऱ्याच्या जीपमध्ये दोन सीट घेऊन, तिचं डोकं मांडीवर ठेवून ते निघाले. जीपमध्ये कुठल्या तरी लग्नाहून परतणारी मंडळी होती आणि डेक मोठ्याने वाजत होता. बंद करा म्हणायची सोय नव्हती. गाडी दुसऱ्याची, लोक खुशीत.

“वारंग्यापासून ती काहीतरी पुटपुटत व्हती, बाई,” मामा म्हणाले. “मी कान खाली नेला तरी ऐकू येईना. कळमनुरीला पाह्यलं तर अंग गार. याडी कवा गेली ते मला कळलंच न्हाई. आवाज एवढा व्हता.”

 त्यांनी बशीतला चहा संपवला आणि बशी उपडी ठेवली.

थोड्या वेळाने मी म्हटलं, की मग आता गाडी तुमची आहे. तसं कोणी बसलं तर बंद करून टाकायचं. त्यावर त्यांनी मान हलवली. हेही त्यांनी करून पाहिलं होतं. दवाखान्यातून नुसतं कपड्यांचं गाठोडं घेऊन परतणारी एक बाई चढली, हातात लहान लेकराचं टोपरं. मामांनी चटकन डेक बंद केला. लगेच मागून आवाज आले, काहून बंद केलं? एक माणूस वळला, दुसरा वळला, सगळ्यांनी त्या बाईकडे पाहिलं, आणि मग कुठून आली, काय झालं, कोण गेलं. तिला चौदा माणसांना एकामागून एक सांगावं लागलं.

“बंद केलं तर लोकायला कळतेच,” मामा म्हणाले. “अन् त्या माणसाला वाटते, माझ्यामुळं बंद झालं. मशीन आपल्या मनानं गप झाली पायजे. कोणाच्या माथी येऊ नये.”

म्हणजे त्यांना असा चेंजर हवा होता, ज्यात पाच सीड्या गाण्याच्या आणि सहावा खण रिकामा. सहा नंबर दाबला की मशीनने रिकामा खण शोधत बसावं. गाणं नाही, पण दिवा चालू. कोणी विचारलंच तर सांगायचं, शोधून राहिली हो मशीन.

एका रविवारी मी पुस्तकं आणायला नांदेडला निघाले होते, तर मामांनी मला सोबत दुकानांमध्ये नेलं. शिकलेलं माणूस बरोबर असलं की दुकानदार नीट बोलतो, असा त्यांचा समज. पहिल्या दुकानात त्या माणसाने अर्धा तास चेंजरचे गुण गायले. मामांनी एकच विचारलं, एक खण रिकामा असला तर मशीन काय करते? दुकानदार अभिमानाने म्हणाला की मशीन एवढी हुशार आहे की रिकामा खण टाकून लगेच पुढच्या सीडीवर जाते. मामा उठले. दुसऱ्या दुकानातलीही तशीच हुशार. तिसऱ्या दुकानात मालकाने मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात हिंदीत विचारलं, की मॅडम, यांना गाणी ऐकायची आहेत की नाहीत. मी म्हटलं, दोन्ही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच हसू आलं.

शेवटी सीटखाली बसणारा, खड्ड्यांत कमी उड्या मारणारा सहाचा चेंजर घेतला. तोही हुशारच होता.  परतताना अर्धापूरला मामा एकदम म्हणाले, “बाई, त्याला रिकामं चालत न्हाई ना? मग आपण त्याला काही नसलेली सीडी देऊ.”

कळमनुरीत एक झेरॉक्सवाला कॉम्प्युटरवर सीड्या भरून द्यायचा. लग्नाची गाणी, तांड्यातल्या बायांची लेंगी, मागाल ते. मामा त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, तासाभराची सीडी भरून द्या, तिच्यात काही नको. त्या माणसाने विचारलं, काय भरू? मामा म्हणाले, काहीच नाही. काहीच नाही तर कोरीच न्या की. नाही, कोरी मशीन घेत नाही, भरूनच द्या. हा संवाद मामांनीच मला नंतर सांगितला आणि सांगताना स्वतः खूप हसले. त्या माणसाला एकच रीत माहीत, समोर माईक ठेवून भरायची. तेव्हा माईक टेबलावर, वर पंखा, समोर खुर्चीत मामा, असे तासभर दोघे गप्प बसून त्यांनी ती सीडी भरली.

तिच्यात एक चूक राहिली होती. मामांनी एवढंच सांगितलं, कसली ते नाही. मी म्हटलं, मग दुसरी भरून घ्या. ते म्हणाले, भरली होती. त्या माणसाने या खेपेला माईक काढूनच भरली. “तिच्यात एवढं सामसूम व्हतं बाई, की माणूस घाबरंल. पहिलीत पंखा हाय. पंखा बरा वाटते, घरात बसल्यासारखं.” म्हणून चुकीची का होईना, पंख्याचीच सीडी सहाव्या खणात बसली आणि पुढे सहा वर्षं तिथेच राहिली.

मग गाडीला एक शिस्त लागली. एक नंबर सकाळची भजनं, दोन नंबर जुनी सिनेमाची गाणी, खास आम्हा मास्तर आणि क्लार्क लोकांसाठी. तीन नंबर बाजाराच्या दिवशीची झणझणीत, चार नंबर लेंगी, पाच नंबर कव्वाल्या. लोक गाण्याचं नाव घेणं विसरले. “नाईक, तीन लावा की,” एवढं पुरायचं. सहा लावा असं कोणी म्हटलं तर मामा सांगायचे, ती घासलेली हाय, वाजत न्हाई नीट. आणि हे अर्धं खरं होतं.

आरशातली ती एक नजर चुकल्याचं मला फक्त एकदा आठवतं. एक तरुण पोरगा मान खाली घालून बसला होता, डोळे लाल. मामांनी सहा दाबलं. हिंगोलीला उतरताना कळलं की त्याला डोळे आले होते आणि पूर्ण रस्ता त्याला तीन नंबर ऐकायचं होतं. मामा दोन दिवस स्वतःवरच हसत होते.

सहा नंबर चालू असताना त्यांची एक खोड मात्र मला कळत नसे. मध्येच एकदा, रस्ता रिकामा असताना, ते हॉर्न वाजवायचे. एक लांबलचक, बिनकामाचा हॉर्न. एरवी म्हशींचा कळप आडवा आला तरी हा माणूस हॉर्नला हात लावायचा नाही, काच खाली करून म्हशींशी बोलायचा. सुरुवातीला मला वाटलं, तिथे एखादं देवस्थान असेल, ड्रायव्हर लोक वाजवतात तसा. पण जागा ठरलेली नव्हती. कधी बाळापूरच्या अलीकडे, कधी पलीकडे. एकदा विचारलंच. म्हणाले, कुत्रं आडवं आलं. मी मागे वळून पाहिलं, कुत्रं-बित्रं काही नव्हतं. गणिताच्या मास्तरणीला अशी गोष्ट खटकते, पण पुन्हा विचारलं नाही. न विचारण्याचं थोडं वळण मलाही लागलं होतं.

माझ्यासाठी सहा नंबर एकदाच लागला. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना जे सांगायचं ते त्या दिवशी स्पष्ट सांगितलं. आम्ही दोघं मधल्या सीटवर बसलो. गाडी गच्च भरलेली, पुढे दोन नंबर चालू, माझ्या आवडीचं गाणं. मामांनी आरशातून पाहिलं. गाणं संपल्यावर, मध्येच तोडून नव्हे, संपल्यावर, मशीनने सीडी बदलली आणि गाडीत पंख्याचा बारीक आवाज सुरू झाला. कोणी वळलं नाही. कोणी विचारलं नाही. शेजारचे एक गृहस्थ खताच्या टंचाईबद्दल बोलत राहिले. मी पदर तोंडाशी धरून कळमनुरीपर्यंत रडले आणि ते माझ्या नवऱ्याशिवाय कोणाला कळलं नाही. चौदा माणसांत बसून एकटीने रडायला मिळणं ही काय चीज आहे, ते मला त्या दिवशी समजलं. मध्ये एकदा मामांनी तो बिनकामाचा हॉर्न वाजवला, तेव्हा मात्र मी दचकले आणि मनात त्यांना दोन शब्द बोलून घेतले. हिंगोलीला उतरताना ते एवढंच म्हणाले, “उद्या सात वाजता, बाई. बराबर या.” मी सातला हजर होते.

मामा गेले ते छातीच्या दुखण्याने. पंधरा दिवस नांदेडच्या दवाखान्यात होते. मी रविवारी भेटायला गेले, तर दुपारी बाराच्या सुमारास, आम्ही सगळे बाहेर बसलेलो असतानाच, संपलं. त्यांना अँब्युलन्समध्ये ठेवलं आणि तिच्या मागे त्यांचीच सुमो निघाली. गाडी चालवायला त्यांचे धाकटे भाऊ. ते शेती करायचे, अडीनडीला गाडी घ्यायचे. मधल्या सीटवर मामी आणि तांड्यातल्या तीन बाया. मला बळेच पुढे बसवलं. नऊ वर्षांत पुढच्या सीटवर मी पहिल्यांदा बसले, आणि मशीनचा हिरवा आकडा पहिल्यांदा जवळून पाहिला.

गाडी सुरू झाली तशी मशीनही आपोआप सुरू झाली आणि तीन नंबरचं झणझणीत गाणं लागलं. धाकट्या भावाचा हात घाईने पुढे गेला. त्यांनी सहा दाबलं. तेवढं त्यांना भावाने सांगून ठेवलेलं होतं. पंख्याचा आवाज सुरू झाला. कळमनुरीच्या एका दुकानातला तो पंखा, सहा वर्षांपूर्वीच्या एका दुपारचा.  समोर अँब्युलन्स, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि मशीनवर सेकंद सरकत होते.

अकरावं मिनिट लागलं. रस्ता रिकामा होता. कोणी हॉर्न वाजवला नाही, आणि गाडीच्या चारही स्पीकरमधून, पंख्याच्या आवाजाच्या वर, नाईकमामा बोलले. त्या झेरॉक्सवाल्याने मध्येच पुन्हा काही विचारलं असणार, त्याला उत्तर देत होते. आवाज दबका, कोणाची झोप मोडू नये असा.

“काही न्हाई भरायचं, दादा. आपली याडी निजली हाय असं समजा, अन् भरा.”

ही चूक. ती कोणाच्या कानावर, त्यातही ज्याचं माणूस गेलंय त्याच्या कानावर पडू नये, म्हणून सहा वर्षं तो हॉर्न. माझ्या त्या दिवशीसुद्धा. आणि मी त्यांना मनात बोलले होते.

धाकट्या भावाने गाडी हळू केली. त्यांच्या काय ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा हात उशिराने का होईना, हॉर्नकडे गेला. मागून मामींचा हात पुढे आला आणि त्यांच्या खांद्यावर टेकला.

“नको वाजवू,” मामी म्हणाल्या. “ते म्हणले ना, निजली हाय म्हणून.”

त्यांनी हात काढून घेतला. वारंगा आलं, बाळापूर गेलं. कळमनुरीपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही, आणि मधल्या सीटवर मामी हुंदका देत होत्या तो मला अगदी स्पष्ट ऐकू येत होता.